आगबोटी, लिलाव आणि गावाकडचे पत्र

रत्नागिरी जिल्ह्यातील एखादे जुने साप्ताहिक हाती घेतले असता माझे लक्ष प्रथम जाते ते अग्रलेखाकडे नव्हे, तर जाहीर नोटिसांकडे. आणि ज्याचे बालपण त्या मुलखात गेले आहे, त्याच्या अंतःकरणाचा ठाव त्या रुक्ष नोटिसाच घेतात, असे मी अनुभवाने सांगतो. मौजे अमुक, तालुके देवगड, आणि पुढे मिळकतीची चतुःसीमा: पूर्वेस पऱ्ह्या, पश्चिमेस भाऊबंदांचे आगर, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस देवस्थानची जमीन. कोर्टाच्या कारकुनाने दरखास्तीपुरत्या लिहिलेल्या या चार दिशांत अख्खी वाडी उभी राहते.

पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाले खरे, परंतु ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडनजीकच्या पोंभुर्ल्याचे होते. कोकणच्या बुद्धीला आणि कोकणच्या श्रमाला मुंबईची वाट तेव्हापासूनच ठाऊक होती. खुद्द रत्नागिरीस 1871 साली ‘सत्यशोधक’ सुरू झाले व ते दीर्घायुषी ठरले. (हे नाव जोतीराव फुल्यांच्या समाजावरून घेतलेले नव्हे, तो समाज 1873 मध्ये पुण्यास स्थापन झाला.) अशा पत्रांचा संसार बेताचाच असे. छापखान्यात झिजलेले खिळे, ग्राहकांकडे थकलेली वर्गणी, आणि त्यातल्या त्यात भरवशाचे उत्पन्न म्हणजे दिवाणी कोर्टाच्या नोटिसा.

त्या नोटिसांच्या जोडीला आगबोटींची वेळापत्रके असत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची नुसती ओळ वाचली तरी भर समुद्रात थांबलेली बोट, तिला येऊन भिडणारे पडाव, आणि डोक्यावरची वळकटी सावरीत शिडीला हात घालणारा उतारू डोळ्यांपुढे येतो. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे व टपाल घाटावरून वळसा घेऊन जाई, त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्याला गावच्या पावसाची बातमी शिळी होऊन मिळे. तरी लालबाग-परळच्या खोलीतून ते पत्र हातोहात फिरे, आणि अक्षरओळख नसलेल्यांना कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवी.

या वाचनातील जिव्हाळा मला अत्यंत प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याच्या मुळाशी असलेले दुःख झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्या पानावर बोटीचे वेळापत्रक, त्याच पानावर जमिनीचे लिलाव. माणसाला गाव सोडावयास लावणारे कारण आणि त्याला नेणारे साधन शेजारी शेजारी छापलेले असे. 1880 च्या कायद्याने गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचे हक्क मुक्रर झाले, तथापि त्यांना द्यावयाच्या फाळ्याचे ओझे वाहणाऱ्या कुळाच्या पोराला गिरणीची वाट धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही, व त्याच्या मनिऑर्डरीवर मागे घर चालू लागले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा होण्यास 1949 साल उजाडले, आणि तोवर कुळांची दुसरी-तिसरी पिढी गिरण्यांच्या मस्टरवर चढली होती.