पँथरचं कूळ

रसाळगड, सुमारगड, महिपतगडाच्या आसपासच्या वाड्यांत बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. पडवीतला कुत्रा रात्रीत गेला की सकाळी चर्चा वाघाचीच. खेड तालुक्याचा हा सह्याद्रीला टेकलेला भाग. कोकणात मधूनच एखादा काळा बिबट्या दिसतो आणि मग त्याची बातमी होते. खरं तर काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे. कातडीत काळं रंगद्रव्य जास्त, एवढाच फरक. एकाच विणीत एक पिल्लू ठिपक्यांचं आणि दुसरं काळं निपजू शकतं. काळ्याला उन्हात नीट पाहिलं तर भावंडाच्या अंगावरचीच नक्षी त्याच्याही अंगावर उमटलेली दिसते.

यालाच इंग्रजीत ब्लॅक पँथर म्हणतात. १९६६ ते १९७२ या काळात हे जनावर तीन ठिकाणी माणसांच्या भांडणात उतरलं: न्यूयॉर्कच्या एका कॉमिक्समध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मतपत्रिकेवर आणि आपल्या मुंबईत. नाव एकच, म्हणून तिघांना एका ओळीत बसवायचा मोह होतो आणि कॉमिक्सवाल्याला मूळपुरुष ठरवलं जातं. वंशावळ तशी नाही.

आधी कॉमिक्सचं पाहू. अमेरिकेतल्या सुपरहिरोंचा जन्म हिणवल्या गेलेल्या घरांतला. १९३८ साली सुपरमॅन छापून आला. तो रचणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली पोरं. परक्या ग्रहावरून आलेला, खरी ओळख लपवून शहरात नोकरी करणारा नायक त्यांना का सुचला असेल, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. जॅक कर्बी हाही न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला ज्यू मुलगा. जो सायमनबरोबर त्यानं कॅप्टन अमेरिका काढला. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो आहे. अमेरिका युद्धात उतरली ती त्यानंतर, डिसेंबरात.

पुढं कर्बी आणि स्टॅन ली यांनी १९६३ मध्ये एक्स-मेन आणले. जन्मतःच अंगात वेगळी शक्ती असलेली ही पोरं. त्यांनी काही केलं म्हणून नव्हे, ती जन्मली म्हणून लोक त्यांचा दुस्वास करतात. पहिल्या अंकावर तारीख सप्टेंबरची, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा वॉशिंग्टनचा मोर्चा २८ ऑगस्टचा. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक्स-मेनची गोष्ट आपल्याला चटकन कळते ती त्यामुळे. पण सुरुवातीचे ते पाचही नायक गोरे होते. काळ्यांचं दुःख गोऱ्यांच्या अंगावर घालून दाखवलं की विकायला सोपं जात होतं.

ही उणीव जुलै १९६६ च्या फँटॅस्टिक फोरच्या ५२ व्या अंकात थोडी भरून निघाली. त्यात ब्लॅक पँथर आला: आफ्रिकेतल्या वाकांडा या कल्पित देशाचा राजा टी'चाला. कर्बीच्या पहिल्या आराखड्यात त्याचं नाव कोल टायगर होतं. मोठ्या प्रकाशनाच्या कॉमिक्समधला हा पहिला काळा सुपरहिरो. तो हुशार, श्रीमंत, कुणापुढं न वाकणारा. त्याच्या देशात व्हायब्रेनियम नावाचा अद्भुत धातू, आणि त्या देशावर गोऱ्यांचं राज्य कधी आलेलंच नाही. वाचणाऱ्या काळ्या पोराला त्याचं कौतुक वाटणारच. पण हा पँथर गादीवर जन्मलेला आहे. त्याला मत मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

दुसरा पँथर मत मागतच जन्मला. अलाबामा राज्यातला लाउंड्स परगणा. शंभरातली ऐंशी माणसं काळी, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. जमीन गोऱ्या मालकांची, कसणारे काळे. मतदार म्हणून नाव नोंदवलं की मालक घराबाहेर काढायचा. अशा हाकललेल्या कुटुंबांनी १९६५ च्या अखेरीस रस्त्याकडेला तंबू ठोकून संसार थाटले. गावचे जॉन ह्यूलेट आणि स्निक या विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकेल यांनी तिथं स्वतःचा पक्ष उभा केला. बरेच मतदार निरक्षर, म्हणून त्या राज्यात प्रत्येक पक्षाला चित्राची निशाणी लागे. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या निशाणीवर कित्येक दशकं पांढरा कोंबडा होता आणि वर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउंड्सच्या लोकांनी काळा पँथर घेतला. चित्राचा नमुना अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंच्या बोधचिन्हाचा.

निशाणीचं महत्त्व आपल्याला नवं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही मत कुठं टाकायचं ते कळलं पाहिजे, हाच विचार दोन्हीकडं.

लाउंड्समध्ये आणखी एक गोष्ट झाली, आणि या कुळकथेतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती तीच. स्निकच्या जेनिफर लॉसन आणि कोर्टलंड कॉक्स यांनी मतदारांसाठी साध्या चित्रकथा काढल्या. परगण्याचा शेरीफ म्हणजे कोण, त्याचं काम काय, कर कोण ठरवतं, हे चित्रांतून सांगणाऱ्या पुस्तिका. त्यातल्या एका गोष्टीत साधा काळा माणूस निवडून येऊन शेरीफ होतो. ना मुखवटा, ना अंगात शक्ती. नोव्हेंबर १९६६ ची निवडणूक पक्ष हरला. पण १९७० साली जॉन ह्यूलेट खरोखरच लाउंड्सचा शेरीफ म्हणून निवडून आला. चित्रात दाखवलं ते चार वर्षांत घडलं.

याच निशाणीवरून ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पोलिसांच्या मागं बंदूक घेऊन फिरणं आणि पोरांना सकाळचा नाश्ता देणं, दोन्ही त्यांनी केलं. कॉमिक्सचा पँथर त्यांच्या काही महिने आधीचा, पण त्यांचं नाव आलं अलाबामाच्या मतपत्रिकेवरून. उलट कॉमिक्सवाल्यांनाच या नावाची धास्ती वाटू लागली. फेब्रुवारी १९७२ च्या फँटॅस्टिक फोरच्या अंकात टी'चालानं स्वतःचं नाव बदलून ब्लॅक लेपर्ड घेतलं. पँथर म्हटलं की अमेरिकेत राजकारण आठवतं, हे कारण त्याच्याच तोंडी घातलं. त्या अंकाचा विषय काय, तर आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीचा तुरुंग! वर्णद्वेषाविरुद्ध लढायचं, पण लढणाऱ्यांचं नाव नको. लवकरच जुनं नाव परत आलं. १९७६ मध्ये तर पँथर जॉर्जिया राज्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीशी भिडला, पण ती कथा पुरी होण्याआधीच मालिका बंद पडली. कॉमिक्स आरसा असतात हे खरं, मात्र आरसा कुठल्या भिंतीवर टांगायचा हे दुकानदार ठरवतो.

न्यूयॉर्कमध्ये हे नाव झटकायची खटपट चालू होती, त्याच १९७२ साली मुंबईत ते आपणहून घेतलं गेलं. अस्पृश्यतेची पाहणी करणाऱ्या इलयापेरुमाल समितीच्या अहवालानं देशभरच्या अत्याचारांची जंत्री मांडली होती. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. बाबासाहेबांच्या विचारांचा रिपब्लिकन पक्ष गटातटांत विखुरलेला. अशा वेळी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या लिहित्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. अमेरिकेतले पँथर त्यांना नियतकालिकांतून ठाऊक झाले होते, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात त्या लढ्याशी नातं उघड सांगितलं आहे. ढसाळ खेड तालुक्यातल्या पूरचे, पण ते खेड पुण्याचं. आपल्या खेडकरांनी उगाच हक्क सांगू नये.

टी'चाला त्या काळात मराठीत पोचलाच नव्हता. इथल्या पोरांच्या हातात होते १९६४ पासून निघणारे इंद्रजाल कॉमिक्स, आणि त्यातला वेताळ. कवटीच्या गुहेत राहणारा, पिढ्यान् पिढ्या जंगलावर हुकमत गाजवणारा गोरा माणूस. काळे बुटके बांदार त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार मूळचा आफ्रिकेतला राजपुत्र, तरी त्याला कातडं गुंडाळून नोकरासारखं मागं उभं केलेलं. १९६५ नंतर, नवा चित्रकार आल्यावर, त्याला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या मोर्च्यांनी चित्रातल्या माणसालाही अंगभर कपडे मिळवून दिले, असं म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या पँथरचं आजोळ मात्र कोकण. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत कोकणातली कितीतरी कुटुंबं एकेका खोलीत राहत होती. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा उधळली, दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव या कार्यकर्त्याचा बळी गेला. या चाळींतल्या माणसांना हक्क मागायची सवय गावाकडूनच लागलेली. खेडच्या शेजारी दापोलीत गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकानं अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि महारांची सैन्यभरती बंद होऊ लागली तेव्हा सरकारकडं अर्ज केला. खेडहून कशेडी घाट ओलांडला की पोलादपूर, मग महाड. तिथल्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं, पण कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७. त्याच १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. रत्नागिरी जिल्ह्यात गावंच्या गावं खोतांची. कुळानं मान वर केली की जमीन गेली. लाउंड्सच्या तंबूतल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागलं नसतं. कायद्यानं खोती गेली ती १९४९ साली.

दलित पँथर फार टिकली नाही. १९७४ मध्येच फूट पडली आणि १९७७ मध्ये राजा ढाले यांनी ती बरखास्त केल्याचं जाहीर केलं. पण नाव राहिलं. चळवळीतल्या जुन्या माणसाची ओळख करून देताना नावाआधी आजही 'पँथर' लावतात, बौद्धवाडीतल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवरही तसंच छापतात. वाकांडात हा किताब बापाकडून मुलाकडं जातो. इथं तो वारशानं मिळत नाही. गावात बहिष्कार पडल्याचं कळताच जो एसटी पकडून तिथं गेला, पोलीस पाटलासमोर उभा राहिला आणि फिर्याद नोंदवून घेतल्याशिवाय हलला नाही, त्याला लोकांनी तो दिला. कॉमिक्सचा पँथर या घराण्यातला मानाचा पाहुणा. त्याला पान जरूर वाढावं, वंशावळीत मात्र वर जॉन ह्यूलेट आणि गोपाळबाबाच लिहावेत.