लोकलने मुंबईत फिरताना : बेळगाव-निपाणीकरांसाठी माहिती

मुंबईत ज्याचे कोणीच नाही, असे घर आपल्या भागात शोधावे लागेल. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडची किती तरी माणसे एके काळी परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला होती आणि गावाच्या खोल्यांत राहत होती. जानेवारी १९८२ चा संप झाला आणि ते दिवस सरले. आज आपण त्याच परळला जातो, ते बहुधा टाटा किंवा केईएम रुग्णालयात. रुग्ण बरोबर, वेळ ठरलेली आणि स्टेशनवर घ्यायला कोणी येईलच असे नाही. म्हणून ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

मार्ग

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तर विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. आज लोकलचे मुख्य मार्ग तीन आहेत.

- मध्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), दादर, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा किंवा खोपोली.
- पश्चिम : चर्चगेट, दादर, अंधेरी, बोरिवली, विरार आणि पुढे डहाणू रोड.
- हार्बर : सीएसएमटी, कुर्ला, वाशी, पनवेल, एक फाटा वांद्रे-अंधेरीकडे.

यांखेरीज ठाण्याहून वाशी-पनवेलकडे वेगळी लाईन आहे.

दादरला उतरल्यावर

बेळगावहून चालुक्य एक्सप्रेससारख्या गाड्या दादरला येतात. निपाणीला रेल्वे नाही. तिथली मंडळी कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरतात. त्यांनाही परळसाठी दादरलाच उतरणे सोयीचे. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही लाईन एकत्र येतात आणि पूल ओलांडून एकीवरून दुसरीवर जाता येते. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले आहेत. जुने क्रमांक डोक्यात ठेवून जाऊ नये.

बेळगाव-दादर तिकिटावर लोकलने पुढे जाता येत नाही. पुढचे तिकीट वेगळे काढावे. परतीचेही त्याच वेळी मिळते. घाईत राहून गेले, तर दंड किमान २५० रुपये आणि वर भाडे.

गाडीत चढण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला, गाडी कोणत्या दिशेची? दुसरा, स्लो की फास्ट? तिसरा, आपला डबा कोणता? इंडिकेटरवर गाडीची वेळ आणि शेवटचे स्टेशन असते. इंग्रजी 'एस' म्हणजे स्लो, 'एफ' म्हणजे फास्ट.

दुसऱ्या प्रश्नात आम्ही स्वतः फसलो आहोत. पत्नीच्या तपासणीसाठी पहिल्यांदा गेलो, तेव्हा समोर आलेल्या सीएसएमटी गाडीत चढलो. दिशा बरोबर होती, पण गाडी फास्ट. डोळ्यांदेखत परळ मागे गेले आणि आम्ही भायखळ्याला उतरलो. जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे आकडे तपासले आणि इथे एक अक्षर बघायचे राहिले! दादरहून परळ पुढचेच स्टेशन आहे, पण गाडी स्लोच हवी. टाटा आणि केईएम दोन्ही स्टेशनच्या पूर्वेला आहेत. चालवत नसेल तर टॅक्सी करावी. शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत.

डबे

लाल-पिवळ्या पट्ट्यांचा डबा फर्स्ट क्लासचा असतो. साध्या तिकिटावर त्यात चढल्यास दंड होतो. महिलांचे डबे वेगळे असतात. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांनाही बसता येते, मात्र कागदपत्रे जवळ ठेवावीत. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागली. तिचे तिकीट वेगळे आणि महाग असते, पण दारे बंद होत असल्याने वयस्कर माणसाला ती बरी.

तीन जणांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा देण्याची मुंबईची रीत आहे. जागा मागायला संकोच करू नये.

वेळ आणि गर्दी

सकाळी साधारण ८ ते ११ दक्षिणेकडे आणि संध्याकाळी ५ ते ९ उत्तरेकडे मोठी गर्दी असते. रुग्णाला घेऊन त्या वेळेत जाऊ नये. जावेच लागले तर टॅक्सीचे पैसे वाचवू नयेत. गाडी स्टेशनवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते. उतरण्याआधीच्या स्टेशनलाच दाराकडे सरकावे आणि फलाट कोणत्या बाजूला येईल ते शेजारच्याला विचारावे. चालत्या गाडीत चढू नये; मागून दुसरी येतेच.

सवलत

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र कॅन्सरचा रुग्ण आणि त्याचा एक सोबती यांना उपचारासाठीच्या लांबच्या प्रवासात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातील दाखला घ्यावा लागतो. पहिल्याच भेटीत तो मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या खेपांना उपयोगी पडतो.

चुकामूक झाल्यास

घरातून निघतानाच ठरवून ठेवावे : जो गाडीत चढला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचे आणि मागे राहिलेल्याने पुढच्या स्लो गाडीने तिथे यायचे. गाडी फास्ट असेल, तर ती जिथे पहिल्यांदा थांबेल ते स्टेशन धरावे. रुग्णाच्या खिशात नाव, फोन नंबर आणि रुग्णालयाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. बाकी लोकलमधल्या घोषणा मराठीतही होतात, आणि बेळगावहून आलो म्हटले की वाट दाखवणारे कोणी ना कोणी भेटते, हा आमचा अनुभव आहे.