गडहिंग्लज ते निपाणी : दोन परिषदा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. कचेऱ्यांची वाटणी झाली, दवाखान्यांची झाली, कायद्यांचीही झाली. सौंदत्तीच्या यात्रेची वाटणी मात्र कोणालाही करता आली नाही. मार्गशीर्ष आणि माघ महिन्यांतील पौर्णिमांना कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी ह्या भागांतील भाविक पूर्वीप्रमाणेच यल्लम्माच्या डोंगराची वाट चालत राहिले. त्या वाटेने श्रद्धा गेली, तशीच देवदासीची प्रथाही गेली.

घरातील आजार हटेना, वंशाला मुलगा होईना, किंवा मुलीच्या केसांत जट दिसली, म्हणजे देवीचे बोलावणे आले असा समज होता. मग मुलीच्या गळ्यात मोती बांधले जात आणि हातात परडी येई. तिचे लग्न होत नसे, जोगवा हाच तिचा चरितार्थ ठरे. आणि पुढे अनेकींची वाट मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांकडे जाई. ह्या मुली बहुतेक दलित आणि भूमिहीन कुटुंबांतील असत. न विंचरलेले, न धुतलेले केस मळाने व तेलकटपणाने एकमेकांत गुंतले की त्यांची जट होते, एवढी साधी गोष्ट सांगणारा डॉक्टर किंवा शिक्षक त्या घरापर्यंत पोहोचत नव्हता. प्रश्न धर्माचा म्हणून ओळखला जाई. त्याच्या मुळाशी दारिद्र्य होते आणि आरोग्याविषयीचे अज्ञानही होते.

कायदा नव्हता असे नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला होता. देवदासीचा विवाह त्याने वैध ठरविला आणि मुली वाहणे गुन्हा ठरविले. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. परंतु जेथे आईबापच मुलगी वाहतात आणि सारी वस्ती त्या विधीला पुण्यकर्म मानते, तेथे फिर्याद कोणी द्यावयाची व साक्षीला कोणी उभे राहावयाचे? कायदा राहिला कागदावर, आणि मोती राहिले गळ्यात.

ह्या कोंडीला पहिला मोठा धक्का १९७५ साली गडहिंग्लज येथे भरलेल्या देवदासी परिषदेने दिला. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानाचा तिच्यामागे पुढाकार होता, गडहिंग्लजमध्ये प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारखे कार्यकर्ते ह्या कामात पुढे होते. ज्या स्त्रियांविषयी आजवर इतरांनीच बोलावे अशी रीत होती, त्या स्वतः सभेस येऊन बसल्या. मुली वाहणे थांबवा, एवढ्यावर हे काम थांबले नाही. ज्या वाहिल्या गेल्या आहेत त्यांना निवारा कोण देणार, त्यांच्या मुलांना शाळेत कोण घालणार, हे प्रश्नही चळवळीने हाती घेतले. निर्मूलनाबरोबर पुनर्वसन हा शब्द आला, हे मोठे परिवर्तन होय.

दुसरी परिषद १९८० साली निपाणीस झाली. गडहिंग्लजहून संकेश्वरमार्गे निपाणी दूर नाही. तथापि मधे राज्याची सीमा आहे, आणि ती ओलांडली गेली हेच ह्या परिषदेचे महत्त्व. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथील वखारींत शेकडो स्त्रिया तंबाखूच्या धुळीत दिवसभर राबत, खोकत, आणि तुटपुंजी मजुरी घरी नेत. प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली ह्या स्त्रियांची संघटना उभी राहात होती. अनिल अवचट यांनी त्यांच्या जीवनाचे चित्र मराठी वाचकांपुढे मांडले, आणि छाया दातार यांनी त्यांच्या लढ्याचा अभ्यास ग्रंथरूपाने सिद्ध केला. वखारीत काम करणाऱ्यांत देवदासीही होत्या. त्यामुळे मजुरी, छातीचे विकार आणि गळ्यातील मोती हे तीन निरनिराळे प्रश्न नसून एकाच स्त्रीच्या आयुष्याचे तीन भाग आहेत, हे निपाणीत उघड दिसले.

परिषदांच्या ठरावांना कायद्याचे रूप येण्यास विलंब लागला, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा नव्हता. कर्नाटकाचा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा १९८२ चा. महाराष्ट्राने १९३४ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा केला तो २००५ चा. मधली वीस-बावीस वर्षे यात्रा एक आणि कायदे दोन अशी स्थिती होती. याच काळात एड्सने देशात प्रवेश केला. १९८६ साली भारतात त्याची पहिली नोंद झाली. शहरांतून आजारी होऊन परतणाऱ्या स्त्रियांना औषध हवे होते, आणि त्याहून अधिक, दार उघडणारे घर हवे होते.

कर्नाटकात १९९३-९४ साली झालेल्या सरकारी पाहणीत २२,८७३ देवदासींची नोंद झाली. १९९७ साली घटप्रभा येथे ‘मास’ ह्या नावाने ओळखली जाणारी संस्था निघाली. ती देवदासी स्त्रियांनीच चालविली. बालपणी स्वतः वाहिल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी यांना तिच्या कार्याबद्दल २०१८ साली पद्मश्री मिळाली. परिषदेत श्रोत्या म्हणून बसलेल्या स्त्रियांच्या मागून आलेली पिढी आता संस्थेचा कारभार पाहू लागली होती.

पण एक गाठ सैल व्हावयाची राहिली. जन्म गडहिंग्लज तालुक्यातील, मोती सौंदत्तीस बांधलेले, उमेदीची वर्षे निपाणीच्या वखारीत गेलेली, अशी एखादी वृद्धा निवृत्तिवेतनासाठी कोणत्या सरकारच्या यादीत शोधावयाची? पाहण्या राज्यांच्या, योजना राज्यांच्या, रहिवासाचे दाखलेही राज्यांचे. आयुष्य मात्र दोन्हीकडचे. गडहिंग्लज व निपाणी येथील परिषदांनी सीमेच्या अलीकडील व पलीकडील शिक्षक, डॉक्टर, कामगार पुढारी आणि पीडित स्त्रिया यांना एका बैठकीवर आणले, आणि माणसाचे दुखणे पाहताना त्याचे राज्य विचारले नाही. दोन्ही बाजूंच्या तालुका अधिकाऱ्यांनी आपापल्या याद्या घेऊन वर्षातून एकदा तरी एकत्र बसावे, म्हणजे त्या वृद्धेला आपला दाखला घेऊन दोन राज्यांच्या कचेऱ्यांत खेपा घालाव्या लागणार नाहीत.