करंडीकडून कॅरेटकडे

नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोच्या कॅरेटवर पुकारला जातो. पूर्वीच्या करंडीची जागा या प्लॅस्टिकच्या कॅरेटने घेतली. या बदलाचं श्रेय सहसा प्लॅस्टिकला मिळतं; माझ्या मते ते घडणीचं आहे. बुरुडांनी विणलेली करंडी हलकी, हवेशीर. पण थप्पी लावली की वरचा भार तळच्या फळांवर यायचा. कॅरेटमध्ये तो भिंतींवरून खाली उतरतो, आणि भिंतीतच ठेवलेल्या खाचेत हात घालून माणूस ते सरळ उचलतो. लाकडी खोकंही थप्पीला टिकायचं, हा आक्षेप रास्तच. पण त्याला धरायला बहुधा मूठ नसे, खिळ्यांनी फळ चिरे आणि धुऊन पुन्हापुन्हा वापरणं कठीण जाई. बुरुडांच्या पोटावर मात्र या सोयीने पाय आला. कॅरेटचा इतिहास लिहिताना तो तोटाही मांडायलाच हवा.