बांध, नकाशा आणि जिनीव्हा

मंडळी, मागच्या वीकान्ताला पाटोद्याला गेलो होतो. थोरले काका आणि धाकटे काका यांच्यात बांधावरून अबोला. मोजणी झाली तेव्हा कळलं, कागदावर दोघांची शेतं एकमेकांत घुसलीयेत. मधली पट्टी दोघांचीही!

परतीच्या एसटीत आठवलं, हाच घोळ कणभौतिकीवाल्यांनाही निस्तरावा लागतो. जिनीव्हाजवळच्या सर्नमध्ये कणांच्या टकरी टिपणारा डिटेक्टर संगणकातही उभा करतात. प्रत्येक तुकड्याचा आकार, जागा, पदार्थ, सगळं. १९८०च्या दशकात यासाठी फोर्ट्रानमधलं जिअँट-३ होतं; डिसेंबर १९९८मध्ये सी प्लस प्लसमधलं जिअँट-४ आलं. यात दोन तुकडे एकमेकांत शिरले तर कण नक्की कुठल्या तुकड्यात आहे तेच ठरत नाही. म्हणून प्रोग्राम तुकड्याच्या पृष्ठभागावरचे वाटेल तिथले बिंदू निवडतो आणि बघतो, यातला एखादा शेजाऱ्याच्या हद्दीत तर नाही ना? शिवाय 'जिअँटिनो' नावाचा काल्पनिक कण सोडतात. तो कशालाच धडकत नाही, वाटेत काय काय लागलं ते फक्त सांगतो.

एवढा आटापिटा कशाला? आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचंच उदाहरण घ्या. पंजाब विद्यापीठासोबत त्यांनी सीएमएस प्रयोगासाठी बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर बनवला. चुंबकाच्या आत मावणाऱ्या थरांची जाडी मधल्या भागात कमी पडत होती; ऊर्जा पलीकडे निसटायची. निसटलेली ऊर्जा मोजली गेली नाही, तर ती एखाद्या अदृश्य कणानेच नेली असं वाटू शकतं. म्हणजे मॉडेलमध्ये जाडी चुकली, की नसलेल्या कणाचा शोध लागायचा!

गंमत म्हणजे, प्रोग्रामला मॉडेलमधली विसंगती तेवढी दिसते. मॉडेल सुसंगत असूनही खऱ्या यंत्रापेक्षा वेगळं असू शकतं. म्हणून सीएमएसवाल्यांनी २०१५च्या टकरींचा विदा घेतला. यंत्राच्याच भागांवर आपटून कण जिथे फुटले, असे लाखो बिंदू शोधले आणि त्यांवरून मधली नळी, आधाराच्या पट्ट्या नेमक्या कुठे आहेत ते काढलं. निबंध २०१८मध्ये आला. ओव्हरलॅप तपासणं म्हणजे कचेरीत बसून नकाशा बघणं. हे म्हणजे शेतात उतरून साखळी टाकणं.

आमच्याकडेही शेवटी तेच झालं. खुणेचे दगड रोवले, आणि दोघा काकांनी बांधावरच चहा घेतला. नकाशा मात्र अजून दुरुस्त व्हायचाय.

असो. तूर्तास एवढंच.