काचेआडचे कागदी प्राणी

जपानमध्ये १७९७ साली छापलेले 'सेंबाझुरू ओरिकाता' हे पुस्तक केवळ कागदी क्रौंचांच्या घड्यांना वाहिलेले आहे. तरीही ही कला दीर्घकाळ मुलांचा खेळच मानली गेली. अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी जाड कागद किंचित ओलसर करून घड्या घालण्याची रीत काढली. वाळल्यावर प्राण्यांच्या अंगाला आलेली गोलाई टिकून राही. १९५५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले. संग्रहालयाच्या चौकटीने या 'खेळा'ला कलेची प्रतिष्ठा दिली खरी. परंतु काचेआडचा प्राणी आपण कसे घडलो हे सांगत नाही. ते सांगितले योशिझावांच्याच १९५४ च्या ग्रंथातील तुटक रेषा व बाण यांच्या चिन्हलिपीने. प्रेक्षकाला पुन्हा कारागीर करण्याचे श्रेय चौकटीपेक्षा या लिपीलाच द्यावे लागेल.