दिनविशेष : १४ जानेवारी
मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार (१९९४)

१४ जानेवारी १९९४ रोजी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, म्हणजे मूळ नाव कायम ठेवून त्याला जोडलेली भर, जाहीर झाला आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव संमत केला होता. तो नामविस्ताराच्या रूपात अमलात येण्यास साडेपंधरा वर्षे लागली, आणि या काळातील संघर्षात पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी प्राण गमावले. विदर्भालाही हा विषय परका नव्हता, कारण नामांतरासाठीचा १९७९चा लाँग मार्च नागपूरहूनच निघाला होता.

सार्वजनिक जागेवर कोणाचे नाव असावे हा प्रश्न प्रतिष्ठेच्या वाटपाचा असतो, हे या लढ्याने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच अन्य चळवळीने केले असेल. तरीही राज्य सरकारने वस्त्या व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो थेट २०२० मध्ये, आणि हा विलंब समर्थनीय नाही. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारो लोक अभिवादनासाठी जमतात.